नव्वद किलोमीटरची पारख

जळगाव सोडून पश्चिमेकडे निघालेला महामार्ग बांभोरीजवळ गिरणा ओलांडतो, पाळधी मागे टाकतो, एरंडोल आणि पारोळा ही दोन जुनी गावे गाठतो आणि नव्वद-एक किलोमीटरनंतर पांझरेकाठच्या धुळ्यात शिरतो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजूनही ‘सहा नंबर’च आहे, सरकारी कागदावर त्याचा क्रमांक ५३ झाला, त्याला बरीच वर्षे लोटली. कापूस, केळी, डाळी, तेल, कापड, पाइप असा खानदेशचा निम्मा व्यापार या रस्त्याने जातो-येतो. आपल्या समाजातील कुटुंबांना तो बिल्टीच्या कागदावरून, मोटारीच्या काचेतून, किंवा साधू-साध्वींच्या विहारात पहाटे चार पावले सोबत चालताना परिचयाचा झालेला आहे. अलीकडे त्याच पहाटे या रस्त्यावर आणखी एक वाहन दिसू लागले आहे. मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल, बोटभर रुंदीचे टायर, पाठीमागे लुकलुकणारा तांबडा दिवा, आणि वर दुकान उघडण्याच्या आत घरी परतण्याची घाई असलेला चाळिशी-पन्नाशीतील कोणी व्यापारी, डॉक्टर वा प्राध्यापक.

सायकल खानदेशाला नवी नाही. दूधवाला, शिक्षक, जिनिंगमधील कामगार, टपालवाला हे सारे एकेकाळी तिच्यावरच होते. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हिरो १९५६ मध्ये सुरू झाली, त्यानंतर ती काळी, उंच, वीस किलोच्या घरातील सायकल गावोगाव पोहोचली. ती घेताना विचार करण्यासारखे फारसे नव्हतेच. बावीस इंची की चोवीस इंची, कॅरिअर हवे की नको, घंटी कोणती, इतकेच प्रश्न. बाकी ओळखीच्या दुकानदाराचा शब्द. घरात नवी सायकल आली की हँडलला हार पडे आणि ती पुढे वीस वर्षे चाले.

आज मुलगा किंवा सून जेव्हा साठ-सत्तर हजारांच्या सायकलीचा विषय काढतात, तेव्हा गादीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांचा पहिला उद्गार ठरलेला असतो : “एवढ्या पैशात तर मोटारसायकल येते!” हा उद्गार चूक नाही. व्यापाऱ्याच्या नजरेला वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून दिसते, आणि उपयोग दिसत नसेल तर ती किंमत उधळपट्टी ठरते. उपयोग मात्र दुकानाच्या काचेआड दिसत नाही. तो जळगाव ते धुळे या नव्वद किलोमीटरवर दिसतो. म्हणून खरेदीचा विचार याच रस्त्याच्या क्रमाने केलेला बरा.

निघण्यापूर्वीची गोष्ट मापाची. रोड बाईक सदऱ्यासारखी मापानेच घ्यावी लागते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. शोरूममध्ये ‘एकच पीस शिल्लक, पंधरा टक्के सूट’ असे ऐकले की आपल्यातील व्यापारी जागा होतो आणि सायकलस्वार झोपतो. मोठ्या मापाच्या सायकलीवर हात ताणले जातात, मान अवघडते; लहान मापाच्या सायकलीवर गुडघे दुखतात. दहा किलोमीटरवर हे कळत नाही, एरंडोलला कळते. घरच्या घरी करण्याजोगी एक मोजणी आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन्ही पायांमध्ये एक पुस्तक घट्ट वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यावे. या आकड्याला ०.८८३ ने गुणले की पॅडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, ०.६७ ने गुणले की फ्रेमच्या मापाचा अदमास येतो. अंतर ८० सेंटिमीटर आले तर सीट साधारण ७०.५ वर आणि फ्रेम ५३-५४ ची. हा शेवटचा शब्द नव्हे, पण तो आकडा खिशात असलेला गिऱ्हाईक ‘हीच तुमच्या मापाची’ या वाक्याला सहज भुलत नाही. सगळ्या मापांचा साठा जळगाव-धुळ्यात क्वचितच एका जागी मिळतो. त्यासाठी नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत किंवा पुणे गाठावे लागले तरी तो एक दिवस खर्ची घालावा. लग्नाचा बस्ता बांधायला आपण सुरतेला जातोच की.

गिरणेचा पूल ओलांडला की रस्ता बोलू लागतो. तरसोद ते फागणे या टप्प्याचे चौपदरीकरण झाल्यापासून मोटारींचा वेग वाढला आणि कडेची पट्टी रुंद झाली. सायकलस्वाराचे जग म्हणजे ती कडेची पट्टी. ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधून निघालेल्या केसाएवढ्या बारीक तारा, काचेचा चुरा, उसाच्या आणि कापसाच्या गाड्यांतून सांडलेला कचरा, सारे तिथेच येऊन साचते. शिवाय बाभूळ. खानदेशच्या बांधाबांधावर आणि आता रस्त्याच्या कडेलाही माजलेल्या वेड्या बाभळीचा काटा कोणत्याही परदेशी कंपनीच्या जाहिरातीत नसतो. पंक्चर मात्र त्यानेच होते. त्यामुळे शर्यतीच्या सायकलींना शोभणारे २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर या रस्त्यासाठी चैनीचे आहेत. २८ चे घ्यावेत, आणि फ्रेममध्ये ३२ ची जागा असेल तर त्याहून उत्तम. आत काटारोधक थर असलेला टायर थोडा जड असतो, पण सत्तर किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये ऐंशी पाऊंडांच्या आसपास हवा ठेवली तर तो महिनोन्‌महिने तक्रार करीत नाही. सायकल विकत घेताना हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होते : “यात जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो?” ज्या विक्रेत्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून टोपीदेखील घेऊ नये.

हवेचीही एक मेख आहे. या सायकलींच्या ट्यूबला बारीक, लांब मानेचा व्हॉल्व्ह असतो. त्याला प्रेस्टा म्हणतात. पाळधीच्या किंवा पारोळ्याच्या टायरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, माणूस मदतीला तत्पर असतो, पण त्याची नळी मोटारीच्या व्हॉल्व्हची, आणि शेजारच्या सायकलवाल्याचा पंप जुन्या डनलॉप व्हॉल्व्हचा. दोन्ही बसत नाहीत. पितळेचा बोटाच्या पेराएवढा एक जोड मिळतो, किंमत पन्नास-शंभर रुपये. तो सीटखालच्या पिशवीत नसेल तर साठ हजारांची सायकल बाभळीखाली उभी राहते. दोन जादा ट्यूब, टायर उकलण्याचे दोन प्लॅस्टिकचे पट्टे, ठिगळे व सोल्यूशन, छोटा हातपंप आणि सहापैलू किल्ल्यांचा जुडगा, एवढे सोबत हवेच. आणि हे सारे वापरून चाक काढता-बसवता आले पाहिजे. घरच्या अंगणात पाच वेळा सराव केल्याखेरीज पाळधीच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

एरंडोल हे अंजनीकाठचे गाव. पांडववाडा आणि जवळच असलेले पद्मालय यांमुळे ते ठाऊक असते. सायकलस्वार इथे पोहोचतो तेव्हा दीड-दोन तास झालेले असतात आणि शरीर बोलायला लागलेले असते. पहिली तक्रार सीटची. गादीसारखी मऊ, रुंद सीट लांबच्या प्रवासाला सोयीची असेल ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती उलटी आहे. मऊ सीटमध्ये माणूस रुततो, मांड्या घासतात, नसा दाबल्या जातात. बसण्याच्या दोन हाडांना आधार देणारी, बऱ्यापैकी कठीण, मध्ये पन्हळ असलेली सीट लांब अंतराला टिकते. याच बाबतीत आपल्या घरांना एक गोष्ट माहीत असायला हवी. लांब पल्ल्याच्या स्वारांमध्ये ब्रूक्स या इंग्लंडच्या जुन्या कंपनीच्या सीटचा मोठा लौकिक आहे, पण त्यांची परंपरागत सीट जाड गोचर्माची असते. त्याच कंपनीची रबर आणि सुती कापडाची कॅम्बियम नावाची मालिका आहे. इतर कंपन्यांच्या कृत्रिम आवरणाच्या सीटही उत्तम निघतात. हातमोज्यांच्या तळव्याला आणि बुटांनाही कातडे असू शकते, तेव्हा आतील चिठ्ठी वाचूनच घ्यावे. सायकलच्या चड्डीतील गादीला ‘शॅमॉय’ म्हणतात हे वाचून कोणी दचकू नये. पूर्वी ती खरोखर शॅमॉय जातीच्या रानबकऱ्याच्या कातड्याची असे. नाव तेवढे उरले, आज ती कृत्रिम फोमची असते. ही चड्डी मात्र टाळू नये. तिच्याखाली दुसरे काही घालायचे नसते, हे दुकानदार संकोचाने सांगत नाही आणि गिऱ्हाईक संकोचाने विचारत नाही, मग पहिल्याच फेरीत जांघा सोलवटतात.

खाण्याचेही तसेच. परदेशी जेलीसारख्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असते, पुष्कळ एनर्जी बारमध्ये मध असतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला तरी घटकांची यादी वाचावीच. आणि खरे सांगायचे तर ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या स्वाराने दीडशे रुपयांची जेलची पुडी कशासाठी फोडावी? मध्यम केळ्यातून पंचवीस-एक ग्रॅम कर्बोदके मिळतात. लांबच्या फेरीत तासाला तीस ते साठ ग्रॅम पुरतात. म्हणजे दर तासाला एक केळे आणि एक राजगिऱ्याचा लाडू, हिशेब पुरा. पाण्यासाठी फ्रेमवर दोन बाटल्यांचे पिंजरे हवेत. ज्यांचा उकळलेल्या पाण्याचा नियम आहे, त्यांनी त्या आकाराच्या स्टीलच्या वा उष्णतारोधक बाटल्या शोधाव्यात, मिळतात. एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत एक लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या प्रमाणाचे. घामातून गेलेल्या क्षारांची भरपाई नुसत्या पाण्याने होत नाही, हे मे महिन्यात जळगावच्या माणसाला निराळे सांगावे लागू नये. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या या मुलखात मार्च उलटल्यावर सकाळी साडेनऊनंतर सायकल सावलीत असावी.

एरंडोल ते पारोळा आणि पुढे मुकटी, फागणे हा पट्टा वाऱ्याचा. तापीचे खोरे पश्चिमेला समुद्राच्या दिशेने उघडे आहे. उन्हाळ्याच्या मध्यापासून पावसाळा सरेपर्यंत पश्चिमेचा वारा या खोऱ्यातून आत शिरतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्याच्या छातीवर तो येतो. रस्ता नजरेला सपाट, पण सायकल पुढे सरकत नाही. त्या वळलेल्या हँडलचा अर्थ इथे उलगडतो. त्याची खालची बाजू धरली की धड वाकते, वाऱ्याला अंग कमी लागते आणि तेवढ्याच श्रमात ताशी दोन-तीन किलोमीटर अधिक मिळतात. मनगटे दुखू लागली की हात वर घेता येतात, बाजूला घेता येतात. डोंगरी बनावटीच्या, रुंद टायर आणि समोर स्प्रिंगचा काटा असलेल्या सायकलीवर, जी आपल्याकडे मुलांच्या हट्टापायी सर्वाधिक खपते, ही सोय नाही. प्रत्येक पॅडलमागे थोडी शक्ती ती स्प्रिंगच पिऊन टाकते.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला रस्त्यापासून फार दूर नाही. झाशीच्या राणीच्या माहेरचे तांबे घराणे या गावचे म्हणून त्याचे नाव. गावात चहा होतो, आणि सायकल सोबत असेल तर भोवती पाच-सात माणसे जमून पहिला प्रश्न किमतीचा विचारतात. त्यांच्यातच बहुधा एखादे जुने सायकल मिस्त्री असतात. त्यांच्या हाताचे मोल शोरूममधल्या तरुणाला कळत नाही. रिमचा आउट काढणे, हबमधले छर्रे बदलून ग्रीस भरणे, आरे ताणणे यांत ते अजूनही वाकबगार आहेत. पण गिअरची सूक्ष्म जुळवणी आणि तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक यांच्याशी त्यांचा परिचय नाही. बँकेच्या भाषेत याला तरलतेचा प्रश्न म्हणता येईल. मालमत्ता कितीही मोलाची असो, अडचणीच्या गावी ती मोडता आली पाहिजे. खानदेशात सायकल घेणाऱ्याने म्हणून तारेचे ब्रेक असलेली, आठ किंवा नऊ गिअरच्या मागील चकत्यांची सायकल पत्करावी. शिमॅनो या जपानी कंपनीच्या चढत्या श्रेणीत क्लॅरिस आठ गिअरची, सोरा नऊची, टियाग्रा दहाची आणि त्यावर १०५ नावाची. क्लॅरिस किंवा सोरावर हजारो किलोमीटर निर्धोक होतात. त्यांची चेन स्वस्त असते आणि कोठेही मिळते. १०५ ची सायकल सुरेख चालते यात शंका नाही, पण तिची किंमत लाखाच्या पुढे जाते आणि तिने पारोळा काही जवळ येत नाही. कार्बन फ्रेमचेही तेच. दोन किलो वजन सायकलीचे उतरवण्यासाठी पन्नास-साठ हजार मोजण्यापूर्वी चार किलो स्वतःचे उतरवावे, हे काम पूर्णपणे करमुक्त आहे.

कराचा विषय निघालाच आहे तर बिलाचे बोलून टाकावे. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पन्नास हजार मूळ किमतीवर हा फरक साडेतीन हजारांचा होतो. चांगले हेल्मेट आणि पंप त्यात बसतात. जुना साठा जुन्याच भावाने कोणी विकू लागला तर पक्के बिल मागावे, त्यावर फ्रेमच्या पोटाशी कोरलेला क्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीला आणि चोरी झाल्यास पोलिसांना तोच लागतो. बिल पेढीच्या नावाने फाडून इनपुट क्रेडिट घेण्याची युक्ती कोणी सुचवील. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर कायद्याने ते मिळत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. ‘विनाव्याज’ हप्त्यांत व्याज कोठेतरी असतेच. बहुधा रोखीवर मिळाली असती ती सूट सुटलेली असते आणि प्रक्रिया शुल्क वर लागते. घरात रक्कम ठरवताना तिचा चौथा-पाचवा हिस्सा सायकलीबाहेरच्या सामानासाठी आधीच बाजूला काढावा. सत्तर हजार ठरले असतील तर सायकल पंचावन्नची पाहावी. बहुतेक घरांत उलटे होते. सारे पैसे सायकलीत जातात आणि हेल्मेट ‘पुढच्या महिन्यात’ यायचे राहते.

जुनी सायकल घेणे कमीपणाचे नाही. २०२० च्या टाळेबंदीत हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली आज गॅलरीत कपडे वाळवण्याच्या कामी आहेत. त्या निम्म्या भावात मिळतात. फ्रेमचे सांधे, रिमची ब्रेक घासण्याची कड, चेनची झीज आणि मूळ बिल, हे पाहिले की पुरे. कार्बनची मात्र जुनी घेऊ नये. आतली भेग डोळ्याला दिसत नाही.

फागणे गेले की धुळे दिसू लागते. १८१८ नंतर इंग्रजी अमलात कॅप्टन ब्रिग्जने या शहराची पेठ आखली. राजवाडे यांनी इथेच देह ठेवला, १९३२ मध्ये इथल्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सायकलस्वाराच्या दृष्टीने धुळ्याचे माहात्म्य निराळे आहे. सुरतेहून, इंदूरहून, नाशिकहून, छत्रपती संभाजीनगरहून येणारे मोठे रस्ते इथे एकत्र येतात, त्यामुळे शहराच्या वेशीवरची वाहतूक चोवीस तास आणि बेफाम असते. दिव्यांचा आणि परावर्तक जाकिटाचा प्रश्न येथे जिवाचा होतो. विहारसेवेतील तरुणांनी अशी जाकिटे घालून साधू-साध्वींच्या मागे-पुढे चालणे पत्करले ते पहाटेच्या अपघातांमुळेच. ज्या घरांनी ते पाहिले आहे, त्यांना सायकलच्या मागील तांबड्या दिव्याची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. मागे दोन दिवे असावेत, एक मिटला तरी दुसरा राहावा. पुढचा दिवा नुसता आपण दिसण्यापुरता नको, खड्डा दाखवणारा हवा. हेल्मेटवर ईएन १०७८ या मानकाची खूण पाहावी; ती असेल तर अडीच हजारांचे आणि पंधरा हजारांचे हेल्मेट डोके सारख्याच कसोटीने राखतात, फरक वजनाचा आणि हवा खेळण्याचा. एकदा पडल्यावर हेल्मेट अखंड दिसले तरी बदलावे. आणि कोणतीही खरेदी ज्याला पर्याय ठरत नाही असा नियम घरातील ज्येष्ठांनी घालून द्यावा : महामार्गावर एकट्याने नाही, कानात गाणी नाहीत, अंधारात निघायचे तर किमान तिघे.

शहराच्या दक्षिणेला आठ-दहा किलोमीटरवर मालेगावच्या रस्त्यालगत लळिंगचा किल्ला आणि घाट आहे. गिअरची पारख इथे होते. पुढे ३४ दात्यांची लहान चकती आणि मागे ३२ ची मोठी असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर सरकते. पुढे ५० आणि मागे ११ असतील तर साडेनऊ मीटर. पहिला आकडा चढाचा, दुसरा उताराचा. विक्रेते दुसऱ्याचे कौतुक सांगतात, पन्नाशीतील गुडघ्यांना पहिला लागतो. मागची सर्वांत मोठी चकती ३० हून लहान असेल तर लळिंगला उतरून चालावे लागते आणि शिरपूरच्या पुढे बिजासनीच्या घाटाचा किंवा साक्रीच्या पलीकडे कोंडाईबारीचा विचार सोडावा लागतो.

ज्यांना याहून पुढे जायचे असते ते ब्रेव्हेकडे वळतात. ही मूळ फ्रान्सची परंपरा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत, मागे मोटार नाही, मदतनीस नाही, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का. पहिला-दुसरा क्रमांक नाही. एका हंगामात चारही पूर्ण करणारा सुपर रँडोनर म्हणवतो. १८९१ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या बाराशे किलोमीटरच्या फेरीला दर चार वर्षांनी जगभरातून असेच लोक जातात. आपल्याकडे नाशिकने या वेडाला प्रतिष्ठा दिली. तिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम ही शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पार केली.

चौविहार पाळणाऱ्याला यात भाग घेता येतो का, हा प्रश्न आपल्या घरांत हटकून निघतो. हिशेब मांडून पाहावा. फेब्रुवारीच्या अखेरीस जळगावला सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. सकाळी ६ ला निघालेल्याला नवकारसी येईपर्यंत दीड-पावणेदोन तास काही घ्यायचे नाही, हे थंडीत सहज जमते. त्यानंतर सूर्यास्तापर्यंत अकरा तास उरतात. ताशी वीसच्या चालीने दोनशे किलोमीटरला दहा तास लागतात; विसाव्याला, केळ्याला, पंक्चरला अडीच तास मिळून सूर्यास्ताच्या आत मुक्काम गाठता येतो. जळगाव ते धुळे आणि परत हे अंतर १८० च्या आसपास भरते. लळिंगची फेरी जोडली की दोनशे. डिसेंबरात दिवस अकरा तासांचाही नसतो, तेव्हा तेच गणित तंग होते. तीनशेला मात्र रात्र आलीच. तिविहार करणाऱ्याला पाण्याची मोकळीक असते. चौविहाराने, दिवसभर घाम गाळून, पुढे सात-आठ तास पाण्यावाचून पॅडल मारणे हे धाडस नसून शरीरावरचा अन्याय आहे. त्यांनी दोनशेवर थांबावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर दोनशेच्या आधी, पन्नाससाठीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच निघावे. वाटेत साखर उतरली तर पारोळ्याच्या आधी फार थांबे नाहीत.

सुरुवात लहान असावी. जळगावकरांना शिरसोली रस्त्याने जैन हिल्स आणि तिथले गांधीतीर्थ, धुळेकरांना तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सोनगीर. तीन महिन्यांनी हिवाळ्यात साक्री तालुक्यातील बळसाणे येथील विमलनाथांचे तीर्थ. भोजनशाळेच्या वेळा आधी विचारून निघावे. त्याहून लांब म्हणजे धुळे-साक्री-पिंपळनेर-ताहराबाद असे करीत मांगीतुंगी. शंभर किलोमीटरहून थोडे जास्त, शेवटचा भाग डोंगराळ, आणि २०१६ मध्ये प्रतिष्ठा झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती. या रस्त्यावर मुक्कामासह दोन दिवस धरावेत. सीटमागे बांधण्याची पिशवी लागते, तेव्हा फ्रेमला कॅरिअर आणि मडगार्ड बसवण्याची छिद्रे आहेत की नाहीत हे खरेदीच्याच दिवशी पाहिलेले असावे.

धुळ्याहून जळगावला परतताना सकाळी आठच्या सुमारास वारा उठतो. आता तो पाठीशी असतो. मोठी चकती लागते, पॅडलचा आवाज कमी होतो, मुकटी आणि पारोळा कधी मागे पडले ते समजत नाही. बांभोरीच्या पुलावर ट्रकांची रांग लागलेली असते. तिथे उतरून, सायकल हातात धरून, कडेने चालत पलीकडे जावे.